हजार किलोमीटरला दोन तास का?

प्रश्न : नाशिकहून दिल्ली विमानाने हजार किलोमीटरही नाही म्हणतात. विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर. मग सव्वा तासात पोहोचायला हवे. तिकिटावर मात्र जवळपास दोन तास का छापलेले असतात?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : तुमचा भागाकार बरोबर आहे. ओझर, म्हणजे नाशिकचे विमानतळ, ते दिल्ली हे सरळ रेषेतले अंतर सुमारे ९९० किलोमीटर भरते. नाशिकरोडहून रेल्वेने जायचे तर तेच साडेतेराशेच्या घरात जाते, कारण गाडी आधी पूर्वेकडे मनमाड, भुसावळ गाठते आणि मग इटारसी, भोपाळ, झाशी, आग्रा असे करत दिल्लीला पोहोचते. नकाशावर ओझरपासून दिल्लीपर्यंत पट्टी ठेवा. रेघ रतलाम आणि कोट्याजवळून जाईल.

फरक पडतो तो वेळेच्या मोजणीत. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दिल्लीत जागेवर उभे राहीपर्यंतची असते. दिल्लीसारख्या अवाढव्य विमानतळावर उतरल्यानंतर टर्मिनलपर्यंत येण्यातच दहा-पंधरा मिनिटे सहज जातात.

शिवाय ८०० चा वेग संपूर्ण वाटेवर मिळत नाही. पस्तीस हजार फुटांवर चढायला वीसेक मिनिटे लागतात आणि उतरायला सुरुवात होते ती मुक्कामाच्या सुमारे २०० किलोमीटर आधी. म्हणजे सवाई माधोपूर मागे पडल्यावर थोड्याच वेळात विमान दिल्लीसाठी खाली येऊ लागते. दहा हजार फुटांखाली तर वेग साधारण ताशी ४६० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. त्यात दिल्लीच्या आकाशात गर्दी असली, तर नंबर लागेपर्यंत वळसे घेणे आलेच. हा सगळा विलंब गृहीत धरूनच कंपन्या वेळापत्रक आखतात. म्हणूनच उशिरा सुटलेले विमानही कधी कधी वेळेवर पोहोचते.

घरच्या घरी अंदाज बांधायचा असेल तर सरळ अंतराला ८०० ने भागा आणि वर पाऊण तास घाला. नाशिक–दिल्ली दोन तास येते. मुंबई–दिल्ली सुमारे ११५० किलोमीटर, म्हणजे सव्वादोन तासांच्या आसपास.

लांबच्या पूर्व-पश्चिम प्रवासात मात्र या हिशेबात वारा धरावा लागतो. मुंबई–लंडन हे अंतर सुमारे ७२०० किलोमीटर. आपल्या सूत्राने पावणेदहा तास. पण त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात तर विशेष. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. त्यामुळे लंडनहून येणारे विमान जाणाऱ्यापेक्षा साधारण तासभर कमी वेळ घेते. दिल्लीच्या उत्तर-दक्षिण वाटेवर हे वारे बहुतेक आडवे लागतात, म्हणून नाशिककरांना जाता-येता वेळ जवळपास सारखाच.

आणि हो, घड्याळ लावताना शहरापासून ओझरपर्यंतचे वीसेक किलोमीटर आणि विमानतळावर आधी पोहोचण्याचा वेळ वेगळा धरा. तो तिकिटावर छापलेला नसतो.