बदलीच्या गावांनी शिकवलेलं हवामान

बदलीच्या नोकरीमुळे विदर्भ, कोकण आणि मराठवाडा, तिन्हीकडे बिऱ्हाड केलं. ऊन-पाऊस सोसण्याची ताकद अंगात असते त्याहून जास्त गावाच्या रीतीत असते, हे तिथं उमगलं.

१. नुसत्या आकड्यावर जाऊ नका. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तरीही रत्नागिरीचे ३५ अंश नागपूरकराला नकोसे होतात. दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही. म्हणून तर हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात ४० अंशांपासून करतं, किनाऱ्यावर ३७ पासून.

२. गावाचं घड्याळ पाळा. मे महिन्यात नागपूरकर बाहेरची कामं सकाळीच उरकतात. दुपारी निघायचंच झालं तर डोक्या-कानांना दुपट्टा गुंडाळतात, पन्हं पिऊन निघतात. ‘ऊन लागंल, थांबा’ असं शेजारी म्हणाले, तर थांबावं.

३. पावसाची चौकशी गाव पाहून करा. कोकणात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथं श्रावणात लोक उघडिपीची वाट बघतात. लातुरात ‘तुमच्याकडं झाला का?’ या प्रश्नात पेरणी, कर्ज, जनावरांचा चारा सगळं येतं. २०१६ मध्ये या शहरानं मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलं आहे. तिथं पावसाला कटकट म्हणू नये.

४. तयारी शिकून घ्या. कोकणातल्या घरांत मे महिन्यातच आगोटीची लगबग सुरू होते: लाकूडफाटा आत, सुकी मासळी डब्यात, कौलं चाळून झालेली. पुढचे चार महिने सुसह्य होतात ते या कष्टांमुळे.

५. नव्या माणसाला सवड द्या. उन्हात काम करायची सवय अंगाला लागायला एक-दोन आठवडे जातात. पहिल्याच दिवशी त्याच्याकडून पूर्ण पाळीचं काम घेऊ नका.

६. ‘आम्हाला सवय आहे’ यावर विसंबू नका. हे मी सर्वांत जास्त ऐकलं ते बांधकामावरच्या, शेतातल्या मजुरांकडून, ज्यांना दुपारी घरी बसणं परवडत नाही. चक्कर, उलटी, असंबद्ध बोलणं दिसलं, की माणसाला सावलीत न्या, अंग ओलं करून वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा. सोशिकपणाचं कौतुक करण्याआधी कामाच्या जागी सावली, पाणी आणि दुपारची सुट्टी द्या.