डिझेलपासून वीज

मुलांनो, वर्ध्यात एखाद्या रात्री वीज जाते. मोठ्या दवाखान्यातले दिवे विझतात. क्षणभरात मागच्या शेडमधून धडधड ऐकू येते आणि दिवे पुन्हा लागतात. आत शस्त्रक्रिया चालू असेल, तर ही धडधड किती मोलाची! लोक त्या यंत्राला जनरेटर म्हणतात. खरे तर ते एक छोटे वीजकेंद्रच आहे.

शेजारच्या नागपूर जिल्ह्यात, कोराडीला, कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात. इथे वाफ नाही. सिलिंडरमधला दट्ट्या हवा जोरात दाबतो. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम लागतो ना, तसेच. पण इथली हवा इतकी तापते, की डिझेलचा फवारा पडताच ते आपोआप पेटते. ठिणगी लागत नाही. असे इंजिन रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये यशस्वीपणे चालवून दाखवले. तेलालाही त्यांचेच नाव मिळाले. तापलेले वायू दट्ट्याला ढकलतात, त्यामुळे दांडा फिरतो. दांड्याला जोडलेले चुंबक तारांच्या वेटोळ्यांमध्ये फिरू लागले, की तारांत वीज निर्माण होते.

एक लीटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते. वीज मिळते ३ ते ३.५ युनिट. बाकीची उष्णता धुरातून व रेडिएटरमधून निघून जाते. त्या धुरात विषारी वायूही असतो, म्हणून हे यंत्र बंद खोलीत कधीच चालवत नाहीत. अशी वीज महाग पडते. लाईन आली, की चालक लगेच इंजिन बंद करतो.