सरकारी खर्चाचा वकील आणि आपली टोळी



या पानावर मी नेहमी बेणे, लागण, खोडवा हेच विषय लिहितो. या खेपेला कोर्टाचा विषय घेतला, त्याला कारण गेल्या गळीत हंगामात माझ्या हातून झालेली चूक.

धडगावकडून आलेल्या टोळीत रात्री कोप्यांवर भांडण झाले. एकाला कोयता लागला आणि सकाळी पोलिसांनी एका तरण्या पोराला नेले. पोरगा पावरी बोलणारा, मराठी मोडकीतोडकी. मुकादम माझ्याकडे आला. मी म्हटले, "वकील बघा लवकर," आणि तोडणी प्रोग्रॅमच्या मागे लागलो. वकील मिळाला, पण त्याची फी पोराच्या उचलीत मांडली गेली. पुढे जामीन मंजूर झाला, तरी जामीनदार नाही म्हणून तो आतच. पट्टा पडला, टोळी गावी गेली, पोरगा तुरुंगात राहिला.

या पोराला पहिल्या दिवसापासून फुकट वकील मिळण्याचा हक्क होता. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा, तो अमलात आला १९९५ साली. अटकेतला माणूस, स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग यांना उत्पन्नाची अट नाही. इतर बहुतेकांना आहे. फौजदारी बचावासाठी २०२२ च्या योजनेप्रमाणे जिल्ह्याच्या ठिकाणी लोकअभिरक्षक कार्यालये निघाली. तिथले वकील पूर्णवेळ असतात, त्यांना खाजगी केस घेता येत नाही. (बांधाचे, वाटणीचे दावे त्यांच्याकडे जात नाहीत. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.)

आता कोणी म्हणेल, पोराने मागितला का वकील? हाच प्रश्न अरुणाचल प्रदेशातल्या सुक दास खटल्यात निघाला होता. दिबांग खोरे म्हणजे डोंगराळ, आडवळणाचा मुलूख. आरोपीला वकील नव्हता, साक्षीदारांची उलटतपासणी त्याला करता आली नाही, शिक्षा झाली दोन वर्षांची. गुवाहाटी उच्च न्यायालय म्हणाले, त्याने वकील मागितलाच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली ती शिक्षा रद्द केली. ज्याला हक्कच माहीत नाही तो मागणार कसा? तेव्हा वकील हवा का, हे कोर्टानेच विचारले पाहिजे, असे ठरले.

धडगावच्या माणसाला आपले कार्यक्षेत्र तितकेच परमुलूख आहे. ओळखीचे कोणी नाही, भाषा कळत नाही. लोकअभिरक्षक कार्यालयाचे वकील तुरुंगात त्या पोराला भेटले तेव्हा पहिली अडचण बोलण्याचीच आली. त्यांनी मला फोन करून दोन्ही भाषा येणारे माणूस मागितले. टोळीतली एक बाई मुलाच्या दुखण्यामुळे मागे राहिली होती, तिला घेऊन मी गेलो. अटक किती वाजता झाली, कोर्टापुढे केव्हा उभे केले (प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत करावे लागते), मार लागला का, कशावर अंगठा दिला, भांडण पाहिले कोणी, हे सारे त्यांनी तिच्यामार्फत विचारून लिहून घेतले. कोयता खुद्द जखमी माणसाच्याच हातात होता, असे पोरगा सांगत होता. पाहणारे दोघे तोवर सातपुड्यात पोचले होते. हीच विचारपूस तिसऱ्या दिवशी झाली असती, तर दोघेही इथेच फडात सापडले असते.

जामीनदाराचे काय? कोर्टाला सातबारावाला माणूस लागतो, आणि तोही बहुधा जवळचा. मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून त्याचा जामीन नाकारला होता. ते चूक, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच सांगितले. रक्कमही ऐपत बघून ठरवावी, असे त्यात आहे. वकिलांनी तसा अर्ज दिला, रक्कम उतरली. पण धडगावहून कागद यायला वेळ लागणार, म्हणून आपल्याच एका सभासदाने स्वतःचा सातबारा दिला. यात जोखीम आहे, हे लपवत नाही. आरोपी तारखेला आला नाही तर रक्कम जामीनदाराकडून वसूल होऊ शकते. ज्याने ही जोखीम घेतली त्याच्या फडात हा पोरगा दोन हंगाम तोडणीला होता, एवढीच त्यांची ओळख.

टोळीतले कोणी अटक झाल्याचे कळले की चिटबॉय वा मुकादमाने त्याच दिवशी १५१०० या नंबरवर फोन करावा, किंवा तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत जावे. दुभाष्या आणि पाहणारे माणूस कोण, त्यांची नावे व गावाकडचे फोन टोळी हलण्याआधी लिहून ठेवावेत. आपल्या घरातल्या कोणावर वेळ आली तरी फोन हाच.

त्या पोराचा खटला अजून चालू आहे. येण्याजाण्यात त्याचे दोन-तीन दिवस मोडतात, तरी आजवर एकही तारीख चुकलेली नाही. मुक्कामाला तो त्याच सभासदाच्या वस्तीवर असतो.

— ऊस विकास अधिकारी