चौकोन फुकट, मग भाडं कशाचं?

गेल्या दिवाळीच्या तोंडावर माझ्या वहिनीने भाजणी आणि मेतकुटाच्या पाकिटांसाठी दोन हजार लेबलं छापून घेतली. कोपऱ्यात क्यूआर कोड. तो स्कॅन केला की चकलीची कृती आणि ऑर्डरचा नंबर दिसायचा. कोड एका वेबसाइटवर ‘फुकट’ बनवला होता. पंधरवडा ठीक गेला. मग एके सकाळी वहिनीने फोन पुढे केला, “भाऊजी, हे बघा काय आलंय.” कृतीच्या जागी इंग्रजीत सूचना होती: हा कोड बंद आहे, चालू करायचा तर वर्षाचे पैसे भरा. तोवर निम्मी पाकिटं दुकानांत पोहोचली होती. उरलेल्या लेबलांवर आम्ही दोन रात्री बसून नवे स्टिकर चिकटवले.

ही फसवणूक नव्हे, असं ती वेबसाइट म्हणेल. अटींमध्ये लिहिलेलंच होतं. पण कोडचे दोन प्रकार असतात हे आम्हाला आधी कोणी सांगितलं असतं तर त्या दोन रात्री वाचल्या असत्या.

पहिला प्रकार स्थिर कोड. यात तुमचा पत्ता किंवा नंबर त्या काळ्यापांढऱ्या चौकटींतच लिहिलेला असतो. तो एकदा छापला की कुणाला बंद करता येत नाही, आणि त्याला पैसे पडत नाहीत. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने १९९४ मध्ये गाड्यांच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला हा कोड काढला आणि हक्क हाती असूनही तो सगळ्यांना मोकळा ठेवला. दुसरा प्रकार बदलता कोड, म्हणजे ‘डायनॅमिक’. यात चौकटींत असतो तो कोड बनवणाऱ्या कंपनीचा पत्ता. तिथून गिऱ्हाइकाला तुमच्या पानाकडे वळवलं जातं. छापल्यानंतरही मागचं पान बदलता येतं, किती जणांनी स्कॅन केलं ते कळतं. पण हे भाड्याचं घर. भाडं महिन्याला काहीशे रुपयांपासून पार हजारांपर्यंत जातं, अनेकदा वर्षाचं एकदम आणि डॉलरमध्ये. ते थकलं की कोड मेला.

ओळखायचं कसं? कोड स्कॅन करा, पण उघडू नका. फोनवर जो पत्ता दिसतो तो तुमचा आहे का, तेवढं वाचा. अनोळखी नाव दिसलं तर तो भाड्याचा.

एका माणसाच्या किंवा एका कुटुंबाच्या धंद्याला बदलता कोड बहुतेक वेळा लागतच नाही. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या अ‍ॅपमध्ये दुकानाचा कोड आयता मिळतो, वस्तूंची यादीही लावता येते, खर्च शून्य. फक्त त्यातलं ‘रीसेट’ छपाईनंतर दाबू नका, जुना कोड त्या क्षणी निकामी होतो. गुगलवर दुकानाची नोंद फुकट होते आणि अभिप्राय मागण्याचा कोडही तिथेच मिळतो. (“चांगला रिव्ह्यू द्या, दहा टक्के सूट घ्या” अशी पाटी मात्र लावू नका, गुगलच्या नियमांत ते बसत नाही.) कुठल्याही पानाचा कोड संगणकावरच्या क्रोम ब्राउझरमध्येही निघतो, मधोमध एक छोटा डायनासोर येतो इतकंच.

मागचं पान पुढेमागे बदलणार असेल, मेनू किंवा दर सतत हलत असतील, तर स्वतःच्या नावाचा वेबपत्ता घ्या. वर्षाला साधारण पाचशे ते हजार रुपये. पहिल्या वर्षाचा स्वस्त दर बघून भुलू नका, नूतनीकरणाचा दर विचारा. कोडमध्ये तुमचा पत्ता घाला आणि तो हव्या त्या पानाकडे वळवून ठेवा. बदलत्या कोडचा मुख्य फायदा असा घरच्या घरी मिळतो. मी तरी भाड्याऐवजी इथेच पैसे घालीन.

बाकी खरा खर्च छपाईचा. दर गावागणिक आणि नगांगणिक बदलतात, तरी अंदाज असा: साधा फ्लेक्स चौरस फुटाला पंधरा-वीस रुपये, सनबोर्डवर चिकटवून घेतला तर शंभराच्या आसपास, गल्ल्यावरचा अ‍ॅक्रिलिकचा स्टँड दोनशे ते चारशे. वहिनीची लेबलं नगाला सव्वा रुपयाने पडली होती. व्हिजिटिंग कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कोड टाकायला छापखाने बहुधा दुसऱ्या बाजूच्या छपाईचेच पैसे लावतात. ‘क्यूआर डिझाइन’ म्हणून कोणी वेगळे पाचशे मागितले तर ते कशाचे, हे विचारा.

मापात कंजुषी नको. जितक्या लांबून स्कॅन होणार त्याच्या एकदशांश कोडची रुंदी, हा ढोबळ हिशेब पुरतो. हातातल्या पाकिटावर २ ते २.५ सेंमी, गल्ल्यावर ५-६ सेंमी, आणि ३ मीटरवरून वाचायच्या फलकावर ३० सेंमी. चारही बाजूंना कोडच्या ४ चौकटींएवढी कोरी जागा सोडावी लागते. छापखान्यातला मुलगा नेमकी तीच कापून तिथे फुलांची वेल बसवतो.

आणि मजकूर जितका लांब, तितक्या चौकटी बारीक. इथे मराठी माणसाला एक खास खड्डा आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या लिंकमध्ये देशाच्या कोडासह नंबर धरून २६ अक्षरं असतात. ती एका बाजूला २५ चौकटींच्या कोडमध्ये मावतात. गिऱ्हाइकाला टाइप करायला नको म्हणून तुम्ही लिंकमध्ये आधीच ‘नमस्कार’ लिहून ठेवलात, तर देवनागरीची खूण न् खूण लिंकमध्ये नऊ-नऊ अक्षरांची होते. तेवढ्या एका शब्दाची ६३ अक्षरं, आणि कोड ४१ चौकटींवर जातो. २ सेंमीच्या लेबलावर चौकट ०.८ मिमीवरून अर्ध्या मिमीवर येते. शाई जरा पसरली की संपलं. त्यापेक्षा लिंकमध्ये दोन इंग्रजी अक्षरं घाला. पाकिटावरच्या कोडसाठी एक जोडी, फलकावरच्या कोडसाठी दुसरी. मेसेज आला की गिऱ्हाईक कुठून आलं ते फुकटात कळतं.

रंग काळ्यावर पांढरा असा उलटा करू नका, काही फोन तो वाचत नाहीत. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटचा झोत पडतो, मॅट घ्या. मधोमध लोगो हवाच असेल तर कोड बनवताना दुरुस्तीची (‘एरर करेक्शन’ची) सर्वांत वरची पातळी निवडा. त्यात सुमारे ३० टक्के भाग झाकला तरी कोड वाचता येतो.

आपल्याकडे लोक कोडलाच ‘स्कॅनर’ म्हणतात. “काका, स्कॅनर कुठंय?” याचा अर्थ पैसे कुठे देऊ. म्हणून जाहिरातीचा कोड यूपीआयच्या कोडशेजारी लावलात तर गिऱ्हाईक दर वेळी चुकीचा उचलणार. दोन्ही लांब ठेवा आणि खाली मराठीत लिहा: ‘मेनू बघायला’, ‘कृती वाचायला’. नुसतं ‘स्कॅन मी’ लिहिलेलं कोणी स्कॅन करत नाही. दुकान उघडताना दोन्ही कोडांवर बोट फिरवा. वर कोणी भलताच स्टिकर चिकटवलेला असला तर कडा हाताला लागते.

मागचं पान रिकामं असेल तर वरचे सगळे पैसे पाण्यात. १ ऑगस्ट २०२३पासून महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाने, गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत क्यूआर कोड सक्तीचा केला. तो लोक स्कॅन करतात, कारण मागे प्रकल्पाची नोंदणी सापडते. तुमच्या कोडमागेही गिऱ्हाइकाला हवं असलेलं काहीतरी हवं. वहिनीच्या बाबतीत चकलीच्या मोहनाचं प्रमाण हे ते ‘काहीतरी’ होतं. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर १४ अंकी परवाना क्रमांक, घटक आणि तारीख मात्र छापावीच लागते. ‘माहिती कोडमध्ये आहे’ हे चालत नाही.

छापायला हिरवा कंदील देण्याआधी एकच प्रत खऱ्या मापात काढून घ्या आणि घरातल्या सर्वांत जुन्या फोनवर, संध्याकाळच्या दिव्यात स्कॅन करा. नाही वाचला, तर लेबलं थांबवा.