शरणागतीची थाप

मुलामुलींना झुंजीची विद्या शिकविली तर ती दांडगट होतील, अशी शंका मौद्यातील एखाद्या पालकाच्या मनात आली, तर ती अस्वाभाविक म्हणता येणार नाही. ब्राझीलियन जुजुत्सूची सरावपद्धती पाहिली म्हणजे आपणांस तिचे उत्तर मिळते.

१८८२ साली जिगोरो कानो यांनी जपानमध्ये ज्यूदोची स्थापना केली. मुक्त सरावातून त्यांनी ठोसे व लाथा वगळल्या आणि फेक व पकड राखली. त्यामुळे जोडीदारास इजा न करता पूर्ण ताकदीने झुंजणे शक्य झाले. त्यांच्या परंपरेतील मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला गेले. तेथे ग्रेसी कुटुंबाने जमिनीवरील डाव विकसित केले.

या सरावात डाव आधी संथपणे घोटला जातो; मग ठरावीक स्थितीतून सुटण्याचा व शेवटी मुक्त झुंजीचा अभ्यास होतो. सांधा वा गळा अडकला की अडकलेला जोडीदाराच्या अंगावर थाप देतो. थाप मिळताच पकड सोडावयाची, हा नियम अभंग आहे. मिश्र युद्धकलेतही तो पाळला जातो.

हार ही पुढील धड्याची सुरुवात असते, हे आपल्या मातीलाही ठाऊक आहे. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक विजेते ठरले.

दुर्बलाने निःसंकोच थाप द्यावी आणि बलवानाने तत्क्षणी हात सैल करावा, हे ज्या मुलांच्या अंगवळणी पडते, त्यांच्या बळाचे भय बाळगण्याचे कारण आपणांस उरत नाही.