केलेली मेहनत अंगी लागते का?



धार आणि देवास ही पवारांची जुनी संस्थाने. जोर, बैठका, मुद्गल, मल्लखांब हे शब्द इथल्या मराठी घरांना परके नाहीत. मल्लखांबाला तर मध्य प्रदेश सरकारने २०१३ साली राज्याच्या खेळाचा मान दिला. आपली तरुण मुले पोलीस किंवा लष्कराच्या भरतीसाठी पहाटे उठून मेहनत करतात. पण ती अंगी लागते आहे की नुसतीच अंग मोडते आहे, हे पाहायचे कसे?

आधी खोट्या खुणा बाजूला काढू. घाम ही ताकदीची खूण नव्हे. वैशाखात नुसते बांधावर बसले तरी घाम येतो. अंगदुखीचेही तसेच. गहू कापणीच्या पहिल्या दिवसानंतर मांड्या आणि कंबर दोन दिवस ठणकतात. पाचव्या-सहाव्या दिवशी त्याच कामाने काही होत नाही. म्हणजे काय, कापणीचे काम वाया जाऊ लागले? तसे नाही. शरीराला काम नवे होते म्हणून ते दुखले, एवढेच.

खरी कसोटी आकड्याची. तेच वजन, तीच ढब, आणि मागच्यापेक्षा जास्त वेळा. किंवा तितक्याच वेळा, पण वजन थोडे जास्त. अमेरिकन लष्करातील डॉक्टर डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांचे दुबळे स्नायू असेच क्रमाक्रमाने वजन वाढवून सुधारले आणि १९४५ साली ती रीत प्रसिद्ध केली. आपल्याकडे पोत्यात वाळू भरून काट्यावर तोलावी. पाठ ताठ ठेवून, गुडघ्यांतून उठून, ते किती वेळा उचलले हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या-त्या तारखेला लिहावे. पाठ वाकवून काढलेला आकडा मोजू नये. तो कमरेला महागात पडतो.

नवशिक्याचा आकडा दोन-तीन आठवड्यांतच वाढू लागतो. ही वाढ बहुतांशी मज्जातंतूंची; असलेले स्नायू नीट कामाला लावायला शरीर शिकते. दंड भरलेले दिसायला दोन महिने तरी लागतात. तेव्हा पंधरा दिवसांत आरशात पाहून निराश होऊ नये.

आणि आकडा हललाच नाही तर? रोज त्याच शंभर बैठका मारणाऱ्याचा दम टिकतो, ताकद मात्र पुढे सरकत नाही. भार वाढवावा लागतो. पेरणी-काढणीच्या दिवसांत शरीर आधीच थकलेले असते, तेव्हा मेहनत निम्मी करावी. तिसरे कारण ताटातले. शंभर ग्रॅम हरभऱ्यात सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात, सोयाबीनमध्ये ३५ ग्रॅमच्या वर. आपण सोयाबीनची पोती मंडीत घालतो आणि येताना मुलासाठी पावडरचा महागडा डबा आणतो, याला काय म्हणावे! सोयाबीन मात्र भिजवून चांगले शिजवावे. कच्च्या दाण्यातील घटक प्रथिने पचू देत नाहीत.

“आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला व्यायाम कशाला?” असे काहीजण म्हणतात. राबण्याने दम वाढतो हे खरे, पण त्यात तेच स्नायू राबतात आणि ट्रॅक्टर आल्यापासून जड काम कमी झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मोठ्या माणसांना आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मुख्य स्नायूंचा व्यायाम सांगितला आहे.

घरातील वडीलधाऱ्यांसाठी एक सोपी परीक्षा आहे. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसावे, हात छातीवर घ्यावेत आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. जवळ कोणीतरी उभे असावे. अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या कोष्टकात ६५ ते ६९ वयाच्या पुरुषाला १२ आणि स्त्रीला ११ पेक्षा कमी आकडा आला, तर पडण्याचा धोका मानतात. दर महिन्याला हीच परीक्षा घेऊन आकडा लिहावा. छातीत दुखले, चक्कर आली किंवा कमरेतून पायात मुंग्या उतरल्या, तर त्याच क्षणी थांबून डॉक्टरांना दाखवावे.