दोन बोटांचं काम एका अंगठ्याला

पुणे

चि. ओंकार यास,


तुझं अ‍ॅप फोनवर घेतलं आणि मन लावून वापरलं. नकाशा सुरेख उतरला आहे. मुंबईत शिवडीच्या जेट्टीवर रोहित पक्षी पाहायला आलेल्यांनी थवा कुठे उतरलाय ते नकाशावर टिपायचं, भरती-ओहोटीच्या वेळाही तिथेच पाहायच्या, ही कल्पना आपल्या वस्तीत वाढलेल्या मुलालाच सुचावी अशी आहे. पहिल्याच पानावर तू लिहिलं आहेस: दोन बोटांनी नकाशा लहानमोठा करा, तीन बोटांनी नकाशाचे थर बदला. हे पत्र त्या ओळीबद्दल आहे.

जेट्टीवरची माणसं कशी उभी असतात ते तू लहानपणापासून पाहतो आहेस. ओहोटीला चिखल उघडा पडला की पक्षी दूरवर पसरतात. पाणी चढू लागलं की ते किनाऱ्याकडे सरकतात आणि तेवढाच वेळ नीट दिसतात. त्या वेळी माणसाच्या एका हातात दुर्बीण असते, दुसऱ्या हातात फोन, आणि फोन धरलेल्या हाताचा फक्त अंगठा मोकळा असतो. कडेवर मूल घेतलेल्या बाईचं तेच. सकाळी हार्बर मार्गाच्या लोकलमध्ये एक हात कडीला अडकवून उभ्या असलेल्या प्रत्येकाचं तेच. मल्टीटच, म्हणजे एकाच वेळी अनेक बोटांचा स्पर्श, शिकताना आपण पडद्याला किती बोटं कळतात ते मोजतो. माणसाची किती बोटं मोकळी आहेत हे त्याच्या आधी मोजायला हवं.

म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात आग्रहाचं सांगणं हे, की दोन बोटांनी होणारं प्रत्येक काम एका अंगठ्यानेही होऊ दे. हा माझा एकटीचा हट्ट नाही. सर्वांना वापरता यावी अशी वेबसाइट कशी बांधावी याचे जे जागतिक नियम आहेत, त्यांच्या 2018च्या 2.1 आवृत्तीत हे स्पष्ट लिहिलेलं आहे: अनेक बोटांच्या खुणेने जे घडतं, ते एका बोटाच्या साध्या स्पर्शानेही घडलं पाहिजे. गूगलच्या नकाशात दोनदा टिचकी मारून दुसऱ्या वेळी बोट न उचलता वरखाली सरकवून बघ, नकाशा एका अंगठ्याने लहानमोठा होतो. ही सोय तू घालच, आणि तिच्या जोडीला अधिक-उण्याची दोन साधी बटणंही ठेव. बटण अँड्रॉइडच्या मापात 48 डीपीपेक्षा, म्हणजे सुमारे 9 मिलिमीटरपेक्षा, लहान नको.

एका अंगठ्यात किती मावतं याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण आपल्याच भाषेतलं आहे. पवईच्या आयआयटीत 1969 साली सुरू झालेलं आयडीसी हे डिझाइनचं केंद्र आहे. तिथे प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्वरचक्र' हा कीबोर्ड तयार केला. त्यात व्यंजनं वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली आहेत. 'क'वर बोट टेकवलं की त्याच्याभोवती चक्र उमलतं, त्यात का, कि, की, कु अशी बाराखडी असते. बोट न उचलता हव्या त्या दिशेला सरकवून सोडलं की अक्षर उमटतं. जोडाक्षर हवं असेल तर हलन्ताकडे सरकायचं, मग पुढच्या व्यंजनांसोबत होणारी जोडाक्षरं कळांवरच दिसू लागतात. टेकणं, सरकणं, सोडणं एवढ्या एका हालचालीत दोन निवडी होतात. मराठी मुलाला बाराखडी पाठ असते, त्यामुळे त्याला वेगळं काही शिकावं लागत नाही, आणि सरावाने दिशा बोटाला आठवू लागते. हा कीबोर्ड तू नुसता वापरू नकोस, त्याचा अभ्यास कर. आधीच येत असलेल्या गोष्टीवर नवी खूण उभी केली तर ती माणसाला सांगावी लागत नाही. तुझ्या तीन बोटांच्या खुणेला मात्र आधी सूचनांचं पान लागलं.

आता थोडं आत शिरते. एम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकली फोनमध्ये, कंट्रोल दाबून तू दोन बोटांचा चिमटा तपासतोस, हे मला तुझ्या कोडवरूनच कळलं. तिथली दोन बोटं एका मध्यबिंदूच्या दोन बाजूंना नेहमी सारखीच हलतात. खऱ्या हाताचा अंगठा बहुधा जागेवर राहतो आणि तर्जनीच लांब जाते, त्यामुळे मध्यबिंदूही सरकतो. तू नकाशा पडद्याच्या मध्यापासून मोठा करतोस, म्हणून बोटांखालची जेट्टी निसटून ट्रॉम्बेच्या बाजूला जाते. आताचं अंतर भागिले आधीचं अंतर हे गुणोत्तर तू बरोबर काढलं आहेस. फक्त ते दोन बोटांच्या मध्यबिंदूभोवती लाव आणि मध्यबिंदू जितका सरकेल तितका नकाशाही सरकव. बोटाखाली जे ठिकाण होतं ते बोटाखालीच राहिलं पाहिजे.

एक बोट उचललं की तुझा नकाशा टुणकन उडी मारतो. याचं कारण असं की तू बोटं त्यांच्या इंडेक्सवरून, म्हणजे यादीतल्या क्रमावरून, ओळखतोस. पहिलं बोट उठलं की दुसऱ्याचा इंडेक्स बदलतो, आयडी बदलत नाही. आयडी धर. आणि बोटांची संख्या बदलेल त्या क्षणी अंतर आणि मध्यबिंदू नव्याने मोज.

स्पर्श रद्द झाल्याचा इव्हेंट तर तू बोट उचलल्यासारखाच हाताळला आहेस. हे गंभीर आहे. कडेवरून आत सरकवण्याची मागे जायची खूण 2019च्या अँड्रॉइड 10पासून फोन स्वतःकडे घेतो. बऱ्याच फोनमध्ये तीन बोटं खाली ओढली की स्क्रीनशॉट निघतो. अशा वेळी स्पर्श तुझ्याकडून काढून घेतला जातो आणि तुला फक्त रद्दचा निरोप येतो. तो निरोप आला तर काहीही नोंदवायचं नाही. नाहीतर कोणी मागे जायला निघालेला असेल आणि तुझं अ‍ॅप भर खाडीत थव्याची खोटी नोंद टाकेल. पक्ष्यांच्या नोंदींवर उद्या कोणी अभ्यास करणार असेल, तर अशी एक खोटी खूणही खपवून घेऊ नकोस.

हातांबद्दल अजून एक सांगायचं आहे. टोरांटो विद्यापीठात निमिष मेहता यांनी एकाच वेळी अनेक बोटं ओळखणारा पृष्ठभाग बनवला तो 1982 साली. घाशीव काचेखाली कॅमेरा ठेवलेला, बोट टेकलं की त्याला काळा ठिपका दिसे. आपल्या गिरणगावात त्याच वर्षीच्या 18 जानेवारीला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि तुझ्या आजोबांचे, आप्पांचे, हात साच्यावरून कायमचे सुटले. पुढे त्यांच्या हाती फोन आला तेव्हा पडदा त्यांचं बोट ओळखेना. आजचा पडदा काचेखालच्या जाळीतला विद्युतभार मोजतो. कातडी जाड आणि कोरडी असेल तर संकेत क्षीण होतो. उलट घामाचा किंवा पावसाचा थेंब पडला तर नसलेलं बोट दिसतं. आप्पा तेच बटण जोर लावून पुन्हा पुन्हा दाबत, आणि आपलंच काही चुकतंय असं समजून फोन खाली ठेवत. शिवडी-लालबागच्या चाळींत असे हात अजून आहेत. तुझं अ‍ॅप त्यांच्याही हातात जाणार आहे, म्हणून स्पर्श ओळखला गेला हे लगेच, ठळक दिसू दे. आणि बोट किंचित थरथरलं म्हणून दाबून धरणं मोडू देऊ नकोस. अँड्रॉइडची नेहमीची सूट 8 डीपीची आहे, नोंद टाकताना ती वाढव.

हे तंत्र पुढे वाढलं ते दुखऱ्या हातांमुळेही. डेलावेअर विद्यापीठातल्या वेन वेस्टरमन यांचे हात टायपिंगने दुखत, म्हणून त्यांनी जॉन एलियास यांच्याबरोबर हलक्या स्पर्शावर चालणारे फलक बनवले. त्यांची फिंगरवर्क्स ही कंपनी अ‍ॅपलने 2005मध्ये घेतली, आणि 2007च्या जानेवारीत आयफोन जगापुढे आला. दोन बोटांच्या चिमट्याचं आपल्याला अप्रूप वाटतं, त्यामागे कुणाचं तरी दुखणं आहे, हे काम करताना ध्यानात असू दे.

रोहित नोव्हेंबर-डिसेंबरात येऊ लागतील. त्याआधी स्वस्तातला एखादा जुना फोन मिळव आणि जेट्टीवर ऊन चढल्यावर जा. येणाऱ्यांना विनंती करून फोन त्यांच्या हातात दे आणि काय करायचं ते सांगू नकोस. त्यांची बोटं कुठे अडतात तेवढं वहीत लिही. चेहऱ्यांचं चित्रण मात्र नको. तीन बोटांची खूण काढून टाक. थर बदलायला खाली, अंगठ्याच्या टप्प्यात, एक बटण पुरे आहे, आणि डावखुऱ्यांना ते डाव्या बाजूला नेता येऊ दे. पुढची आवृत्ती पाठवताना ती वहीची पानंही फोटो काढून पाठव.

दादाला आणि वहिनीला नमस्कार.

तुझी,
सुमनआत्या